अपेंडिक्सचा रिपोर्ट भावाला दाखवायचा की नाही?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या धाकट्या भावाचं (वय २४) तीन आठवड्यांपूर्वी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी बेंबीजवळ दुखायला लागलं, रात्रीतून दुखणं उजवीकडे खाली सरकलं, उलट्या झाल्या, पहाटे दवाखान्यात नेलं. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं आणि आता तो ठणठणीत आहे. ऑपरेशननंतर सर्जन म्हणाले, काढलेला भाग बायोप्सीला पाठवलाय. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. रिपोर्ट मी एकटीनेच जाऊन आणला. त्यात ‘अक्यूट अपेंडिसायटिस’ लिहिलंय, पण खाली ‘टोकाशी ७ मिलिमीटरचा न्यूरोएंडोक्राइन ट्युमर, ग्रेड १, मार्जिन मोकळे’ असंही आहे. मी फक्त वडिलांना सांगितलं. ते म्हणतात, त्याला कळू द्यायचं नाही, आत्ता कुठे त्याची नोकरी सुरू झालीय. नात्यातले एक जण म्हणतात, काढून टाकलेल्या भागाची तपासणी करायची गरजच नव्हती, उगाच डोक्याला ताप. सर्जनची भेट पुढच्या आठवड्यात आहे. डॉक्टरांना आधीपासून कॅन्सरचा संशय होता आणि तो त्यांनी लपवला का? हा कॅन्सर आहे का? पुन्हा पोट उघडावं लागेल का? आणि भावाला सांगायचं की नाही?
– एक बहीण

उत्तर: ताई, भावाला सांगा. सर्जनच्या भेटीआधी सांगा, आणि भेटीच्या वेळी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत तोच बसू दे. मी हे इतक्या ठामपणे का म्हणते, ते पुढे येईलच. पण त्याआधी तुमच्या जिवाला लागलेला घोर कमी व्हायला हवा. तुम्ही लिहिलेल्या ओळी रिपोर्टमध्ये जशाच्या तशा असतील, तर त्यात घाबरण्यापेक्षा हायसं वाटण्यासारखं जास्त आहे. एक सेंटिमीटरपेक्षा लहान, ग्रेड १ (म्हणजे अतिशय संथ वाढणारा) आणि पूर्ण निघालेला असा ट्युमर, म्हणजे गाठ, असेल, तर अपेंडिक्स काढणं हाच त्यावरचा उपचार असतो, आणि तो तीन आठवड्यांपूर्वीच झालाय. पुन्हा पोट उघडायची वेळ येण्याची शक्यता फार कमी आहे. मी स्लाइड पाहिलेली नाही, तुमच्या पत्रातल्या दोन ओळीच वाचल्यात, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा. पण त्या दोन ओळींत महत्त्वाचं बरंच काही आलंय.

आता संशयाबद्दल. कुणी काही लपवलेलं नाही. काढलेलं अपेंडिक्स तपासायला पाठवणं ही बहुतेक दवाखान्यांतली नेहमीची पद्धत आहे. रुग्ण दहा वर्षांचा असो की सत्तरचा, डबी प्रयोगशाळेत जाते. तिला सगळे बायोप्सी म्हणतात आणि ते ऐकून घरातल्यांच्या पोटात गोळा येतो, पण ती पाठवायला कॅन्सरचा संशय लागत नाही. शिवाय, सात मिलिमीटरची ही गाठ ऑपरेशनच्या आधी कुणाला दिसणार होती? सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सुजलेलं, फुगलेलं अपेंडिक्स दिसतं. त्याच्या टोकात दडलेला, मसुराच्या दाण्याएवढा घट्ट ठिपका सहसा दिसत नाही. दुर्बिणीतून पाहणाऱ्या सर्जनलाही समोर लालबुंद, जाड झालेली नळीच दिसते. तुमच्या सर्जनना ही गाठ त्या पहाटे माहीत नव्हती. त्यांनाही ती तुमच्यासारखीच रिपोर्टमधून कळली.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे डबी आमच्याकडे आल्यानंतर काय होतं, हे जरा सविस्तर सांगते. ते कळलं की रिपोर्टमधली प्रत्येक ओळ कुठून आली हेही कळेल.

सर्वांत आधी डबीवरचं नाव आणि क्रमांक सोबतच्या फॉर्मशी ताडून पाहतात. डबीत फॉर्मेलीन असतं, आणि ते भागाच्या कितीतरी पट जास्त असावं लागतं. शरीराबाहेर आलेला कुठलाही भाग लगेच कुजायला लागतो. फॉर्मेलीन ती क्रिया थांबवतं आणि पेशी आहेत त्या स्थितीत पक्क्या करून ठेवतं. त्यासाठी अपेंडिक्स काही तास, बहुतेक वेळा रात्रभर, तसंच ठेवावं लागतं. रिपोर्टला इतके दिवस का लागतात, असं नातेवाईक कळवळून विचारतात. बराचसा वेळ या वाट पाहण्यातच जातो, आणि इथे घाई केली तर पुढचं सगळंच बिघडतं.

मग आम्ही तो भाग हातात घेतो. लांबी मोजतो. बहुतेकांचं अपेंडिक्स सहा ते दहा सेंटिमीटरच्या दरम्यान भरतं. जाडी मोजतो, बाहेरचा पृष्ठभाग पाहतो. निरोगी अपेंडिक्स बाहेरून गुळगुळीत आणि चमकदार असतं. सुजलेल्याची चमक गेलेली असते, वर पिवळट-पांढरा थर साचलेला असतो, कुठे काळपट पडलेलं असतं, कुठे भोक असतं. चिरलं की आत कधी पू, तर कधी कडक झालेल्या विष्ठेचा खडा सापडतो. अनेकदा याच खड्याने तोंड बंद होऊन सूज सुरू झालेली असते.

मग येतं टोक. अपेंडिक्सचं एक तोंड मोठ्या आतड्याला जोडलेलं असतं आणि दुसरं टोक बंद असतं. या बंद टोकाचा तुकडा आम्ही आडवा न कापता उभा चिरतो आणि त्याचे दोन्ही भाग तपासायला घेतो. अपेंडिक्समधल्या न्यूरोएंडोक्राइन गाठींपैकी सुमारे ७० टक्के टोकाशीच असतात. आडव्या चकत्या केल्या तर दोन चकत्यांच्या मधे एखादी लहान गाठ निसटू शकते. उभी चीर दिली की ती समोर येते. फॉर्मेलीनमध्ये राहिल्यावर ही गाठ पिवळसर दिसायला लागते आणि बोटाला आजूबाजूच्या भागापेक्षा टणक लागते. तुमच्या भावाच्या टोकाशी असा टणक पिवळा ठिपका कुणाच्या तरी बोटाला लागला असेल, किंवा तो थेट मायक्रोस्कोपखाली दिसला असेल. दोन्ही घडतं. मधल्या भागाच्या चकत्या वेगळ्या घेतात, आणि ज्या ठिकाणी सर्जननी अपेंडिक्स आतड्यापासून तोडलं तिथलीही एक चकती घेतात. त्या चकतीत गाठीच्या पेशी नसल्या, तरच ‘मार्जिन मोकळे’ असं लिहिता येतं.

हे तुकडे रात्रभर यंत्रात अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेलं मेण अशा क्रमाने जातात. त्यांतलं पाणी निघून जातं आणि त्या जागी मेण बसतं. सकाळी त्यांचे मेणाचे ठोकळे बनवतात. मायक्रोटोमच्या पात्यावर ठोकळ्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाहून कितीतरी पातळ, काप निघतात. ते कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचपट्टीवर उचलून घेतात. मग दोन रंग देतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात आणि इओसिनने बाकीचा भाग गुलाबी होतो.

ती काच मायक्रोस्कोपखाली ठेवली की झाडाच्या खोडाच्या चकतीसारखी वर्तुळं दिसतात. आतलं अस्तर, त्याखाली लिम्फॉइड, म्हणजे रोगप्रतिकारक, पेशींचे गोल पुंजके (तरुण वयात ते भरपूर असतात, वय वाढतं तसे कमी होतात), मग स्नायूंचे दोन थर आणि सर्वांत बाहेर पातळ आवरण. अपेंडिसायटिस आहे की नाही, हे आम्ही मुख्यतः स्नायूंच्या थरात बघून ठरवतो. न्यूट्रोफिल नावाच्या, दोन-तीन-चार खंडांच्या केंद्रकाच्या पांढऱ्या पेशी स्नायूंच्या धाग्यांमध्ये घुसलेल्या दिसल्या, की निदान पक्कं होतं. त्या नुसत्या अस्तरात किंवा पोकळीत असतील, तर जपून लिहावं लागतं, कारण दुखण्याचं कारण दुसरीकडे असू शकतं. तुमच्या भावाच्या रिपोर्टमधली पहिली ओळ इथून आली. त्या रात्रीचं दुखणं खरंखुरं अपेंडिक्सचंच होतं आणि ऑपरेशन गरजेचंच होतं.

दुसरी ओळ त्याच काचेवर, पण टोकाकडच्या तुकड्यात दिसली असणार. तिथे एकसारख्या दिसणाऱ्या लहान, गोल केंद्रकाच्या पेशी पुंजके करून बसलेल्या असतात. त्या आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या आणि संप्रेरकं तयार करणाऱ्या पेशींपासून वाढतात. खात्रीसाठी क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायझिन या प्रथिनांच्या खास रंगचाचण्या करतात. ग्रेड ठरवायला आम्ही विभाजन होत असलेल्या पेशी मोजतो, आणि केआय-६७ ही चाचणी करतो. गाठीतल्या दर शंभर पेशींपैकी किती पेशी वाढीच्या मार्गावर आहेत, ते तिच्यातून कळतं. ३ टक्क्यांपेक्षा कमी असतील आणि विभाजनंही अगदी तुरळक असतील, तर ग्रेड १. म्हणजे अतिशय संथ वाढणारी गाठ.

हा कॅन्सर आहे का? याचं सरळ उत्तर असं, की या गटातल्या सगळ्या गाठींमध्ये पसरण्याची क्षमता असते असं धरलं जातं, म्हणून वर्गीकरणात त्यांची नोंद कॅन्सरच्या बाजूला होते आणि रिपोर्टमध्ये कदाचित ‘पी टी १’ असा टप्पाही लिहिलेला असेल. तो पाहून दचकू नका. १९०७ साली म्युनिकमधले पॅथॉलॉजिस्ट सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी लहान आतड्यातल्या अशा गाठींना कार्सिनॉइड, म्हणजे कॅन्सरसारख्या दिसणाऱ्या, म्हटलं, तेव्हा त्या निरुपद्रवी असतात असं त्यांचं मत होतं. १९२९ साली त्यांनीच सांगितलं, की यांतल्या काही पसरतातही. तेव्हापासून आजपर्यंतचा सगळा खटाटोप आहे तो पसरणाऱ्या कोणत्या आणि न पसरणाऱ्या कोणत्या, हे आधीच ओळखण्याचा. अपेंडिक्सच्या बाबतीत त्यासाठी सर्वांत उपयोगी पडलं ते साधं मोजमाप. एक सेंटिमीटरच्या आतली, पूर्ण निघालेली गाठ पसरल्याचं जवळजवळ आढळत नाही. दोन सेंटिमीटरच्या वर असेल, तर मोठ्या आतड्याचा उजवा भाग लसिका ग्रंथींसह काढायचा सल्ला देतात. एक आणि दोनच्या मधलं क्षेत्र वादाचं आहे. तिथे गाठ बुडाशी आहे का, शेजारच्या चरबीच्या पदरात तीन मिलिमीटरपेक्षा खोल गेलीय का, रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरलीय का, ग्रेड काय, हे सगळं पाहावं लागतं. अलीकडे तिथेही मोठं ऑपरेशन टाळण्याकडे कल वाढतोय. तुमचा भाऊ या वादाच्या रेषेच्या अलीकडे, सुरक्षित बाजूला आहे.

टोकाशी असलेली गाठ सहसा अपेंडिक्सचं तोंड बंद करत नाही. त्यामुळे त्याची सूज बहुधा या गाठीमुळे आलेली नव्हती. दोन वेगळ्या गोष्टी एकाच नळीत होत्या. सूज आली म्हणून ऑपरेशन झालं आणि ऑपरेशन झालं म्हणून गाठ सापडली.

आता तुमच्या नातेवाइकांचं म्हणणं. ते अगदीच बिनबुडाचं नाही, हे आधी मान्य करते. बहुतेक वेळा रिपोर्ट ‘अक्यूट अपेंडिसायटिस’ एवढाच येतो आणि उपचारात काही फरक पडत नाही. नुसत्या डोळ्यांना साध्या वाटणाऱ्या अपेंडिक्सची तपासणी वगळावी का, यावर सर्जनमध्येही चर्चा होत असते. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच हातातल्या कागदावर आहे. सुजेमुळे काढलेल्या अपेंडिक्सपैकी साधारण शंभरात एकात कुठल्या ना कुठल्या प्रकारची गाठ सापडते. ती कोणत्या एकात आहे, हे नुसत्या नजरेने बऱ्याचदा सांगता येत नाही.

आणि काच फक्त गाठींसाठी पाहत नाहीत. कधी पोकळीत सुतासारख्या बारीक जंताचा आडवा छेद दिसतो, दोन्ही बाजूंना टोकदार कंगोरे असलेला. एकदा पाहिला की विसरता येत नाही. मग रुग्णालाच नाही, घरातल्या सगळ्यांना औषध द्यावं लागतं. ते दिलं नाही, तर ज्या त्रासासाठी ऑपरेशन झालं त्यातला काही त्रास तसाच राहू शकतो. कधी ग्रॅन्युलोमा, म्हणजे विशिष्ट पेशींच्या गाठोळ्या, दिसतात. मग क्षयरोग आहे का, क्रोन्सचा आजार (आतड्याची दीर्घकाळ चालणारी सूज) आहे का, याचा माग काढावा लागतो. क्षयरोग निघाला, तर काही महिन्यांची औषधं लागतात आणि माणूस बरा होतो. तो कळलाच नाही, तर पोटातला आजार आतल्या आत वाढत राहतो. कधी सूज फक्त बाहेरच्या आवरणावर असते आणि आतलं अस्तर स्वच्छ असतं. मग मूळ शेजारी, स्त्रियांमध्ये बीजनलिकेत वगैरे, शोधावं लागतं. अपेंडिक्स संपूर्ण निरोगी निघालं, तर तेही महत्त्वाचं उत्तर आहे, कारण पोट कशाने दुखत होतं हा प्रश्न तसाच राहिलेला असतो आणि पुढे त्याचा शोध थांबवायचा नसतो.

आणखी एक प्रकार मला विशेष काळजीचा वाटतो, तो श्लेष्म म्हणजे चिकट स्राव करणाऱ्या गाठींचा. अपेंडिक्स या स्रावाने फुगतं आणि फुटलं तर पेशी पोटात सांडतात. पेशींना फारशी उग्रता नसली, तरी वर्षानुवर्षं त्या तिथे स्राव करत राहतात आणि पोट जेलीसारख्या पदार्थाने भरत जातं. अशी शंका आली, तर आम्ही दोन-तीन चकत्यांवर थांबत नाही. संपूर्ण अपेंडिक्स तुकडे करून तपासायला घेतो. असा रुग्ण वेळीच कळला, तर त्याच्यावर नजर ठेवता येते. तपासणीच झाली नाही, तर तो रुग्ण काही वर्षांनी पोट फुगलं म्हणून येतो आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

तुमच्या नातेवाइकांना एक जुनी गोष्टही सांगा. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातली जीवघेणी सूज अपेंडिक्सपासून सुरू होते, हेच मुळात फार उशिरा कळलं. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अम्यांड या सर्जननी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या हर्नियाचं ऑपरेशन करताना अपेंडिक्स काढलं होतं. त्यात टाचणी रुतून भोक पडलं होतं. ते पहिलं नोंदलेलं अपेंडिक्सचं ऑपरेशन. पण त्यानंतरही दीडशे वर्षं बरेच डॉक्टर या सुजेचा दोष शेजारच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागालाच देत राहिले. १८८६ साली बॉस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी अनेक रुग्णांच्या नोंदी आणि शवविच्छेदनातले निष्कर्ष एकत्र मांडून दाखवलं, की मूळ अपेंडिक्समध्ये असतं आणि ते वेळीच काढलं पाहिजे. फिट्झ पॅथॉलॉजिस्ट होते. तुमच्या भावाला पहाटे वेळेवर ऑपरेशन टेबलवर घेतलं गेलं, त्यामागे आजारी भाग उघडून नीट पाहणाऱ्या अशा अनेक लोकांचं काम आहे.

तुमच्या पत्राच्या निमित्ताने इतर वाचकांसाठीही थोडं सांगते. हल्ली काही जणांच्या साध्या अपेंडिसायटिसवर नुसती प्रतिजैविकं देऊन पाहतात. फिनलंडमधल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा रुग्णांपैकी सुमारे २७ टक्क्यांना वर्षभरातच ऑपरेशन लागलं, आणि पाच वर्षांत हा आकडा ३९ टक्क्यांवर गेला. म्हणजे अनेकांचं काम औषधांवर भागलं. पण अपेंडिक्स आतच असेल तर तपासायला काहीच मिळत नाही. वय चाळिशीच्या पुढचं असेल आणि अपेंडिक्सभोवती पू साचून गळू झालेलं औषधांनी बरं केलं असेल, तर नंतर अपेंडिक्स काढायचं का, हे सर्जनना आवर्जून विचारा. फिनलंडमध्येच अशा रुग्णांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तब्बल २० टक्के रुग्णांत गाठ सापडली आणि ती सापडलेले सगळे चाळिशीच्या वरचे होते. त्यामुळे ती चाचणी मधेच थांबवावी लागली. चोवीस वर्षांच्या मुलाला हे लागू नाही, तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका.

आता भेटीला जाताना काय न्यायचं. मूळ रिपोर्ट न्या, फोटो काढलेला नको. त्यावरचा क्रमांक वेगळा लिहून ठेवा, पुढे कधीही स्लाइड किंवा ठोकळे मागवायचे झाले तर तोच लागतो. सर्जनना विचारायचं ते एवढंच: आतड्यापासून तोडलेल्या जागी गाठीच्या पेशी नाहीत ना, शेजारच्या चरबीत ती किती खोल गेलीय, रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरल्याचं काही लिहिलंय का, केआय-६७ किती आहे. यांतलं काही रिपोर्टमध्ये नसेल, तर सर्जन किंवा तुम्ही स्वतः पॅथॉलॉजिस्टला फोन करून विचारू शकता. आम्हाला त्याचा राग येत नाही. उलट रुग्णाच्या घरचं कुणी काच समजून घ्यायला आलं, तर मला मनापासून बरं वाटतं. सगळी उत्तरं चांगली आली, तर बहुतेक मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुढे स्कॅन किंवा नियमित तपासण्यांचीही गरज नसते. सर्जननी तसं सांगितलं, तर ते भावाच्या फाइलवर त्यांच्याकडून लिहून घ्या.

दुसरं मत घ्यायचं असेल, तर नक्की घ्या. मेणाचे ठोकळे वर्षानुवर्षं टिकतात आणि रुग्णाला मागितल्यावर मिळतात. आतड्याच्या आजारांचा विशेष अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा पाहून घेणं हा कुणाचा अपमान नाही. अवघड स्लाइड आम्ही स्वतःही सहकाऱ्यांना दाखवतो. तुमच्या भावाच्या बाबतीत ती गरज पडेल असं मला वाटत नाही, पण तुमच्या वडिलांना त्याने झोप लागणार असेल, तर तेवढंही कारण पुरे.

आणि आता वडील. त्यांची माया मला कळते. मुलगा आजारातून उठलाय, कामाला लागलाय, त्याच्या डोक्यावर हे ओझं नको, असं कुणाही बापाला वाटेल. पण लपवल्याने ते ओझं त्याच्यावर येणारच नाही, असं होत नाही. रिपोर्ट त्याच्या नावाचा आहे. तो चोवीस वर्षांचा आहे, म्हणजे कुणी त्याच्या वतीने गप्प बसण्याचं त्याचं वय नाही. पुढे कधीही पोटाचा त्रास झाला, विम्याचा अर्ज भरायचा झाला, नवीन डॉक्टरकडे गेला, तर ‘आधी काही निघालं होतं का’ असं विचारतील. त्याला माहीत नसेल, तर तो नाही म्हणेल, आणि चुकीच्या माहितीवर निर्णय होतील. आणि कधीतरी जुन्या फाइलमधून हा कागद त्याच्या हाती पडलाच, तर सात मिलिमीटरच्या गाठीचं त्याला काही वाटणार नाही. घरच्यांनी ती इतकी वर्षं लपवली, याचं वाटेल. मग ‘नक्की किती वाईट होतं?’ हा प्रश्न त्याला कायम पडत राहील, आणि खरं उत्तर ‘फारसं नाही’ असूनही तो त्यावर विश्वास ठेवणार नाही.

सांगताना ‘घाबरू नकोस हं’ अशी सुरुवात करू नका. ते ऐकलं की माणूस आधी घाबरतो. तुम्ही बहीण आहात, नेहमी बोलता तशाच बोला. आधी सांगा, की अपेंडिक्सला खरंच सूज होती आणि ऑपरेशन योग्य वेळी झालं. मग सांगा, की तपासताना टोकाशी सात मिलिमीटरची एक गाठ सापडली, ती संथ वाढणाऱ्या प्रकारची आहे, पूर्ण निघालीय, आणि याबद्दल अमुक दिवशी सर्जनना भेटायचंय. रिपोर्ट त्याच्या हातात द्या आणि वाचू द्या. मधेच हिसकावून समजावू नका. तो फोन काढून लगेच शोधायला लागेल, तेव्हा त्याला एवढं सांगा, की त्याच नावाच्या मोठ्या, पसरलेल्या गाठींबद्दलचं सगळं वाचून उपयोग नाही; आपली सात मिलिमीटरची, अपेंडिक्समधली आणि ग्रेड १ची आहे. तुम्ही एकटीने रिपोर्ट का आणला, असं त्याने विचारलं, तर खरं सांगा: भीती वाटली म्हणून. राग आला तर येऊ द्या, तो फार टिकणार नाही.

वडिलांना त्याच्याआधी सांगा, की तुम्ही त्याच्याशी बोलणार आहात. परवानगी मागू नका, पण त्यांना अंधारातही ठेवू नका. भावाची हरकत नसेल, तर वडिलांनाही भेटीला घेऊन जा. सर्जनच्या तोंडून ‘झालं, यापुढे काही करायला नको’ हे वाक्य त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, तर ते माझ्या उत्तरापेक्षा जास्त कामाचं ठरेल. भेट पुढच्या आठवड्यात आहे. मला वाटतं, भावाशी तुम्ही उद्याच बोला.